कवळीवाल्याची साखरफुलं

लोम, बुधवार, दुपारी जेवण झाल्यावर

आदरणीय साडूभाऊ झिव्को यांस (नात्यानं थोरले, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे, आणि रुसण्यात दोघांच्या वयाची बेरीज केली तरी पुरून उरणारे),

काराम्फिलचा नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयात टपाल आलं की आधी काळी किनार शोधायची सवय लागते, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना? (व्रात्साला डोंगराच्या पायथ्याशी घर घेताना मी काय म्हणालो होतो ते आता उगाळणार नाही.) विष्नाताईंचा रक्तदाब काय म्हणतो? त्यांना माझा नमस्कार सांगा. सांगितलात की नाही हे मला कळायची सोय नाही, तरी सांगा. मी बरा आहे. साखर थोडी वाढली आहे, पण ती रक्तात नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर, पडद्यांवर आणि माझ्या मिशीत आहे. हे पत्र त्याच साखरेचं आहे. मला तुमच्याकडून काहीही नको, हे आधीच स्पष्ट करतो, म्हणजे तुम्ही मोकळ्या मनानं वाचाल.

फोन का नाही केला, असं विचाराल, तर दोन वर्षांत चार वेळा केला. तीनदा तुम्ही "हं" म्हणालात, मग "हिला देतो" म्हणालात, आणि मग ताई अंघोळीला गेलेल्या निघाल्या. इतकी स्वच्छ बाई अख्ख्या बल्गेरियात दुसरी नसेल. चौथ्यांदा तुम्ही घरी नव्हतात, तेव्हा ताई कोरड्या सापडल्या आणि दोन मिनिटं बोलल्या. त्याबद्दल पुढे लिहितो. पत्राचं एक बरं असतं. पत्राला "हं" म्हणता येत नाही.

तर बातमी अशी की मी केकवर लावायची साखरेची फुलं करायला शिकतो आहे. हसा. मी रागावणार नाही. हसण्यावरून रागावणारा आपल्या दोघांत मी नव्हे.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षीचा फुलांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. माझी दोन्का होती तेव्हा त्या दिवशी आमच्याकडे काय असायचं ते तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या नावात फूल आहे त्या प्रत्येकाचा तो नामदिवस, आणि नामदिवसाला बोलावणं करायचं नसतं. टेबल मांडायचं, दार उघडं ठेवायचं, ज्याला आठवण असेल तो येतो. (बोलावून आणलेला पाहुणा म्हणजे स्वतःच शिवून छातीवर लावलेलं पदक, असं माझे वडील म्हणत. त्यांना एकही पदक मिळालं नव्हतं, पण पाहुणे मात्र पुष्कळ येत.) आमच्याकडेही पंचवीस-तीस माणसं सहज व्हायची. तुम्ही पहिल्या बसनं यायचात, हातात घरच्या आलुबुखाराच्या रकियाची बाटली, आणि जिन्यातूनच ओरडायचात, "कुठं आहे तो कोमेजलेला?" खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. दोन्का म्हणायची, झिव्को आला, आता नामदिवस सुरू झाला.

गेल्या वर्षी मी सकाळी दहाला दार उघडं ठेवलं. कार्प मासा भात आणि अक्रोड भरून भाजला. (एका बाजूनं भाजला, दुसऱ्या बाजूनं जळला, मी भाजलेली बाजू वर ठेवली.) बारा ताटं मांडली. वीस मांडली तर मिजास दिसते, सहा मांडली तर दैन्य दिसतं, म्हणून बारा. चर्चमधून आणलेली वाळुंजाची डहाळी चौकटीला बांधली. दारावर दोन्का गेल्याचा काळ्या किनारीचा कागद लावलेला होता, फोटोसकट. तो त्या दिवसापुरता काढावा का, यावर अर्धा तास घालवला आणि नाही काढला. तिच्या घरच्या समारंभाला तीच दारात नको, हे काही मला बरं वाटेना. मग कोट घालून बसलो. जिन्यात पावलं वाजली की कोट सारखा करायचो. पावलं वर जायची, किंवा खाली. साडेअकरा झाले, साडेबारा झाले. दीड वाजता एक पाहुणा आला. पाहुणा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या नेदाआजी, वय चौऱ्याऐंशी, आणि त्या सांगायला आल्या होत्या की तुमच्या मोरीचं पाणी माझ्या छतातून गळतंय. मी म्हटलं, या, बसा, मासा घ्या, आज उपासातही मासा चालतो. त्यांनी माशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "चालतो, पण हा नाही चालायचा," आणि गेल्या.

संध्याकाळी पाचला राल्काचा स्पेनहून फोन आला, तो चित्र दिसणारा. मी तो बाटलीला टेकवून ठेवला. पोरीनं विचारलं, बाबा, किती जण आले? मी म्हटलं, आत्ताच गेले सगळे, डोकं उठलं नुसतं. ती म्हणाली, मागची ताटं तर स्वच्छ दिसतायत. मी म्हटलं, धुतली. ती जरा वेळ गप्प राहिली. (दातांची ठेवण माझी आहे, पण गप्प राहणं आईचं घेतलंय.) तो मासा मी गुरुवारपर्यंत खाल्ला.

साडूभाऊ, एकटं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दोन्का गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, कुणी सूप आणत होतं, कुणी खुर्च्या. एकटं वाटायला सवडच मिळाली नाही. ते सगळं त्या बारा ताटांपाशी येऊन बसलं. मी आठवडाभर विचार केला. निम्मी माणसं परदेशी गेली, काही देवाघरी गेली, हे खरं. पण जी गावात आहेत ती कुठं गेली? मग डोक्यात प्रकाश पडला. ती माझ्या नावासाठी कधी येतच नव्हती. ती दोन्काच्या केकसाठी येत होती! तो तिचा अक्रोडाचा उंच केक, वर पांढरी साय. नाव माझं आणि गर्दी तिची. म्हणजे केक झाला तर माणसं येतील. पण दोन्काच्या केकाची बरोबरी मी कशी करणार? तेव्हा ठरवलं की बरोबरी करायचीच नाही. केक साधाच करायचा आणि वर अशी फुलं लावायची की बघायला तरी लोक आलेच पाहिजेत. एक्केचाळीस वर्षं कवळ्या केल्या. ज्याला माणसाचे बत्तीस दात मेणातून कोरता येतात त्याला साखरेची पाकळी जमणार नाही, असं होईल का? (होतं. पुढे वाचा.)

आमच्या वाचनमंदिरात दर मंगळवारी चार ते सहा हा वर्ग असतो, नवशिक्यांसाठी. शिकवणारी इव्हेलिना, वय पस्तिशीच्या आत, दहा वर्षं इंग्लंडात लग्नाचे केक सजवून आता आईच्या आजारपणासाठी परत आली आहे. वरचा डावा सुळा जरा पुढे आहे, पण तिला शोभतो. वर्गात सहा बायका आणि मी. पहिल्या दिवशी मी आत शिरलो आणि सहापैकी चौघींनी एकदम तोंडं मिटून घेतली, कारण चौघींच्या तोंडात माझंच काम आहे. मी आपलं सवयीनं विचारलं, "खालची टोचत नाही ना आता?" त्यावर एकीनं आपली ओट्यावरची जागा बदलली.

या फुलांची कणीक असते. पिठीसाखर, अंड्यातला पांढरा भाग आणि डिंकाची पूड एकत्र मळून मळून ती च्युइंगमसारखी ताणली जाईपर्यंत तिंबायची. ती पूड मी बोटात घेतल्याबरोबर ओळखली. कवळी हिरडीला चिकटवायची जी पावडर मिळते, तिच्यात असाच डिंक असतो. हे ज्ञान मी वर्गाला दिलं. द्यायला नको होतं. त्या दिवशी कुणी कणीक चाखून पाहिली नाही. मग इव्हेलिना म्हणाली की कणीक इतकी पातळ लाटायची, की खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. मी लाटली, खाली वर्तमानपत्र सरकवलं आणि वाचायला लागलो. डॅन्यूबच्या पाण्याची पातळी चार बोटं वाढल्याची बातमी होती, आणि आपण नदीकाठची माणसं, ती वाचून पुरी केल्याशिवाय कसं सोडणार? बातमी संपली तोवर कणीक वाळून पत्र्यासारखी कडक झाली होती. उचलली तर पाण्याच्या पातळीवरच तिचे तुकडे पडले. तेव्हा कळलं की हा माल प्लास्टरपेक्षा लवकर आवळतो, आणि जेवढं लागेल तेवढंच काढून बाकीचं झाकून ठेवायचं असतं. हे इव्हेलिना आधीच सांगत होती म्हणे. मी वाचत होतो.

दुसऱ्या मंगळवारी गुलाब. आता गुलाब म्हणजे तारेच्या टोकाला एक कणकेची कळी, तिच्याभोवती एकेक पाकळी अंड्याच्या पांढऱ्यानं चिकटवत जायची. मी माझी जुनी हत्यारं नेली होती, मेण कोरायची, कडा घासायची. सगळ्या बायका हेव्यानं बघत होत्या. पाऊण तास मी मान वर केली नाही. घासून, पुसून, गुळगुळीत करून गुलाब ठेवला. इव्हेलिनानं तो उचलून उजेडात धरला, उलटासुलटा पाहिला, आणि फार आदरानं विचारलं, "काराम्फिलकाका, ही खालची डावी का?"

साडूभाऊ, ती खालची डावीच होती. मधून मोजली तर सहावी, मोठी दाढ. मुळांसकट, कारण खालच्या दोन तारा मुळांसारख्याच दिसत होत्या. इतकी सुबक दाढ मी नोकरीतसुद्धा केली नसेल. वर्ग असा हसला की मी केलेल्या चारही कवळ्या मला एकाच वेळी पाहायला मिळाल्या. (एकही हलली नाही, हे नमूद करतो.) पोरगी हसली नाही. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हात सोन्याचा आहे हो तुमचा. पण काका, फूल चावायला नसतं. तुमच्या सगळ्या पाकळ्या एका उंचीच्या, एका रांगेत, मिटल्या तर एकमेकींवर बरोबर बसतील अशा. जरा चुकू द्या ना." आता जो माणूस एक्केचाळीस वर्षं चुकू नये म्हणून जिवाचं रान करत आला, त्याला हे सांगणं किती सोपं! मी घरी येऊन चुकायचा सराव केला. दोन सुळे झाले आणि एक पटाशीचा दात.

तिनंच सुचवलं की गुलाब सोडा, कार्नेशन करा. नवशिक्याला तेच सोपं, आणि तुमच्या आईनं तुम्हाला नावही त्याच फुलाचं दिलंय. मला वाटलं, बरोबर आहे, पण मी ते फूल कधी नीट पाहिलंय कुठं? म्हणून बाजारात गेलो, त्या फुलवाल्या जाड्या बाईकडे. दोन वर्षं दर शनिवारी मी तिच्याकडून दोन कार्नेशनं घेतो, दोन्काला न्यायला. मला बघताच तिनं सवयीनं दोन उचलून कागदात गुंडाळायला घेतली. मी म्हटलं, आज एकच द्या. तिचा हात थांबला. मेलेल्यांना सम, जित्यांना विषम, आणि एकच फूल म्हणजे तर काय! बाई माझ्याकडं बघून अशी काही हसली, आणि म्हणाली, "अखेर! देव भलं करो तुमचं. लाल देते." मी समजावत होतो की हे साखरेसाठी आहे. ती म्हणाली, "असंच असतं."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी ते एक लाल कार्नेशन घेऊन जिना चढत होतो आणि वरून नेदाआजी उतरत होत्या. त्यांची नजर अधू आहे, पण नको तिथं नाही. "मंगळवारी मिशीला कंगवा, कोटाला ब्रश, आणि आज फूल," त्या म्हणाल्या. "कोण आहे ती?" मी म्हटलं, आजी, वर्गाला जातो, साखरेची फुलं शिकतो. "माझा दुसरा नवरासुद्धा बुद्धिबळ शिकायला जायचा," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. आठवड्याच्या आत अर्ध्या लोमनं माझं इव्हेलिनाशी जमवून टाकलं. पाववाला मला दोन पाव देऊ लागला. पाद्रीबुवांनी रस्त्यात थांबवून, एकटेपण हा माणसाचा शत्रू आहे पण घाई हा त्याहून मोठा शत्रू आहे, असं काहीसं सांगितलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? दोन वर्षांत पहिल्यांदाच लोक माझ्याबद्दल काहीतरी बोलत होते, आणि मला ते बरं वाटलं.

ते फूल मी पेल्यात घालून टेबलावर ठेवलं आणि जेवताना समोर बसून बघत राहिलो. एकोणसत्तर वर्षं जे नाव लावतोय ते फूल असं असतं, हे तेव्हा कळलं. एक पाकळी दुसरीसारखी नाही. सगळ्या कडा चुरगळलेल्या, कुणीतरी घाईत खिशात कोंबलेल्या रुमालासारख्या. मी त्याच्याशी थोडं बोललोसुद्धा. (हे ताईंना वाचून दाखवू नका.) आणि ती चुरगळ साखरेत आणायची कशी, तर दात कोरायच्या काडीनं! पाकळीच्या कडेवरून काडी जोरानं इकडून तिकडे फिरवायची की कड आपोआप पातळ होऊन मुरडते. इव्हेलिनानं मला काडी दिली तेव्हा मी म्हटलं, हे हत्यार मला ओळखीचं आहे. आणि जमलं. साडूभाऊ, जमलं! पहिलं कार्नेशन जरा कोबीसारखं झालं, दुसरं जरा कमी कोबी, आणि तिसरं खरंच फूल झालं. इव्हेलिनानं ते हातात घेतलं आणि या वेळी काही विचारलं नाही.

मग मी घरी धडाका लावला. बारा माणसं, बारा ताटं, म्हणून प्रत्येकाच्या तुकड्यावर एक अशी बारा कार्नेशनं. सोळा दिवस लागले. अंड्यांच्या पुठ्ठ्यावर रांगेनं वाळत ठेवली, कडांना कुंचल्यानं लाल भुकटी लावली. नेदाआजी मोरीच्या कामासाठी पुन्हा वर आल्या. (मोरी अजून गळते. प्लंबर जर्मनीत आहे.) त्यांनी फुलं पाहिली. मग म्हणाल्या, "अंडं आहे ना यात? उपासाच्या दिवसांत?" मग वाकून मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. बारावर येऊन त्या सरळ झाल्या, छातीवर क्रूस काढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाचं वर्षश्राद्ध आहे, बाळा?"

बारा. सम. हे आपल्याकडं पोराला शाळेत जायच्या आधी कळतं, आणि मी स्वतःच्या नामदिवसाच्या केकावर मयताची फुलं मांडून बसलो होतो. नेदाआजींना म्हटलं, विसरलो. पण तुम्हाला खरं सांगतो, विसरलो नव्हतो. दोन वर्षं मी सम फुलंच घेतोय. हाताला तीच सवय झाली आहे. दोन घ्यायची, चार घ्यायची, दगडापाशी ठेवायची, यायचं. जित्या माणसासाठी फुलं मोजायचं कामच पडलं नाही.

एक मोडायला गेलो तर दोन मोडली, तारा एकमेकींत अडकल्या होत्या. दहा झाली. पुन्हा सम. नेदाआजी खुर्चीत बसून हे सगळं डोळे भरून बघत होत्या. "अजून एक मोड," म्हणाल्या, "किंवा अजून एक कर, पण मी असताना कर, एकट्यानं मोजू नकोस तू." मी एक नवीन केलं. त्यांनी पाकळ्यांना अंड्याचा पांढरा लावायला मदत केली, उपास असून. अकरा झाली. ती नीट राहावीत म्हणून मी फ्रिजमध्ये ठेवली, आणि सकाळी बघतो तर सगळी माना टाकून, ओली, चिकट, लाल रंग गळतोय. इव्हेलिनाला फोन केला. ती म्हणाली, "काका, साखरेला फ्रिज? ती दमटपणा पिते हो!" मी दुसऱ्यांदा अकरा केली. ती आता कपाटात आहेत, कोरड्या जागी, कवळ्यांच्या साच्यांच्या शेजारी.

तर आता मूळ मुद्द्यावर येतो. कपाटात जागा करताना तुमचा साचा सापडला. वरचा जबडा, प्लास्टरचा, मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, 'झिव्को, साडू'. तो हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. दोन्काच्या चाळिसाव्या दिवशी काय झालं ते तुम्हालाही आठवतं आणि मलाही, आणि आपण दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. तुम्ही तिच्या थडग्यापाशी उभं राहून बोलत होतात. चांगलं बोलत होतात. "आमची दोन्का" म्हणालात, आणि त्या 'दो'पाशी वरची कवळी सुटली आणि मयताच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाच्या ताटात पडली. आणि मी हसलो. नुसतं हसलो नाही, दात काढून, पोट धरून, सगळ्या माणसांपुढे हसलो, आणि मला थांबता येईना. तुम्ही ती उचललीत, रुमालात गुंडाळलीत, ताईंचा हात धरलात आणि बसकडे निघालात.

मी तुम्हाला हसलो नव्हतो. ती कवळी बसवली त्या दिवशी दोन्कानं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं होतं, "अहो, ती सैल आहे. झिव्को भिडस्त आहे, बोलायचा नाही. परत बोलवा त्याला." मी म्हटलं, तू सूप बघ, दातांचं मला कळतं. मी केलेली कवळी सैल? शक्य नाही! आणि ती पडली तर कुठं पडली, तिच्याच पायाशी. मला वाटलं, आता ही उठून म्हणणार, "सांगत होते ना?" मी त्याला हसलो. आणि ती उठली नाही, म्हणून मग थांबता येईना. ते शेवटी शेवटी हसणं नव्हतंच. तुम्ही तोवर फाटकाबाहेर गेला होतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावणार? चूक माझी होती, कवळीतही आणि नंतरही, आणि मी दोन वर्षं ती कबूल केली नाही, कारण एक्केचाळीस वर्षांत एकही कवळी सैल गेली नाही असं मी जगाला सांगत आलो होतो.

असो. पत्र लांबलं. नेदाआजी खालून काठीनं छत ठोकतायत, म्हणजे मोरी पुन्हा सुरू झाली. ताईंना नमस्कार, गुडघ्याला ऊब द्या, डोंगराकडे फार बघत जाऊ नका.

तुमचा धाकटा साडू (वयानं थोरला),
काराम्फिल

ता. क. मला तुमच्याकडून काहीही नको, हे वर लिहिलंच आहे. फक्त माहितीसाठी कळवतो की व्रात्साहून येणारी सकाळची पहिली बस आता साडेसातला सुटते, पूर्वीसारखी सातला नाही. स्थानकावरचा तो मोडका बाक बदलला आहे. हे मी कुणालाही कळवलं असतं.

दुसरा ता. क. ताई फोनवर म्हणाल्या की कवळी तुम्ही पेल्यात ठेवता आणि दोन वर्षं पाव भिजवून खाता. हे वाचायला तुम्हाला आवडणार नाही, पण मी झोपलो नाही त्या दिवशी. मी ताजं प्लास्टर आणून ठेवलं आहे. माप घ्यायला वीस मिनिटं लागतात. सैल बसली तर या वेळी तुम्ही बोला, मोठ्यानं बोला.

तिसरा ता. क. वर मी बारा माणसं असं लिहिलं आहे, तो आकडा ताटांचा आहे. माणसांचा आकडा अजून कळलेला नाही. नेदाआजी येतो म्हणाल्यात, पण त्यांना जिना चढवेल का ते त्या दिवशीच्या गुडघ्यावर आहे. इव्हेलिनाला आईला सोडून निघता येत नाही. राल्का सुट्टी नाही म्हणाली. ही सगळी माणसं चांगली आहेत, मी कुणाची तक्रार करत नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. झिव्को, मी तुम्हाला बोलावतो आहे. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, फुलांच्या रविवारी. दोघंही या. नामदिवसाला स्वतः बोलावणं केलं म्हणून माझे वडील थडग्यात कूस बदलतील, त्यांना बदलू दे. लोम हसेल, त्याला हसू दे. माझ्या मयताला तुम्ही न बोलावता याल, पहिल्या बसनं याल आणि सगळ्यांत पुढे उभे राहाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तेव्हा "या, बसा" म्हणायला मी नसेन.